नवऱ्याला सेमीफायनलमधून बाहेर काढलं, आता फायनलला काय करायचं?

प्रश्न लांब आहे म्हणून थोडक्यात मांडतो. न्यू जर्सीतल्या एका ताईंची लेक अकरावीत म्हणजे ज्युनियर आहे, शाळेच्या व्हार्सिटी म्हणजे मुख्य सॉकर टीममध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडची डिफेंडर, खेळते. सेक्शनच्या म्हणजे राज्यातल्या आपल्या विभागाच्या सेमीफायनलला यांच्या मिस्टरांनी रेफरीला मोठमोठ्यानं सुनावलं, दोनदा सांगून पण थांबले नाहीत, शेवटी शाळेच्या माणसानं त्यांना पार्किंग लॉटपर्यंत नेऊन सोडलं. टीम जिंकली, आता शुक्रवारी फायनल, ती पण समोरच्यांच्या ग्राउंडवर. ताई विचारतायत की ह्यांना आत घेतील का, सेमीला समोरच्या शाळेची पोरं लेकीच्या आडनावावरून ओरडत होती ते चालतं का, रेफरीनं त्यांना एका शब्दानं का नाही हटकलं, आणि मंडळातले दहाबारा जण ढोल घेऊन येतो म्हणतायत तर आणू दे का.

मी सोळा वर्षं इथे हायस्कूल सॉकरला शिट्टी वाजवतोय, मुलांच्या मॅचेस पण आणि मुलींच्या पण, आणि माझी धाकटी चार वर्षं शाळेकडून खेळली, त्यामुळे मैदानात शिव्या खाल्ल्यात आणि बाकड्यावर बसून दिल्यात पण. मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत लहानाचा मोठा झालोय, पेठापेठांच्या तालमींच्या फुटबॉल मॅचेस बघत, तिथे रेफरीला शिव्या घालणं हा तिकिटातच मिळणारा हक्क आहे असं आम्हाला वाटायचं. तेव्हा मिस्टरांच्या डोक्यात काय झालं असेल ते मला चांगलं कळतं, मी काही शहाणपणा शिकवायला बसलेलो नाही.

आधी त्यांचंच बघू. पहिली गोष्ट म्हणजे रेफरी प्रेक्षकाला कार्ड दाखवू शकत नाही. पिवळं-लाल कार्ड खेळाडूला, कोचला, बेंचवर बसलेल्यांना. प्रेक्षकांसाठी यजमान शाळेनं एक माणूस नेमलेला असतो, साइट मॅनेजर म्हणा नाहीतर गेम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणा, बऱ्याचदा तो शाळेचा एडी म्हणजे अ‍ॅथलेटिक डायरेक्टरच असतो किंवा त्याचा असिस्टंट, गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी, आणि चेहऱ्यावर 'आज लवकर घरी जायला मिळू दे' असा भाव. ग्राउंडवर पोचल्यावर आम्ही सुरुवातीलाच विचारून घेतो की हा माणूस कोण आणि मॅचभर कुठे उभा राहणार. मग कोणी जास्तच सुटलं की बॉल बाहेर जायची वाट बघायची, घड्याळ थांबवायचं, त्याच्याकडे जाऊन सांगायचं, 'निळं जॅकेट, तिसरी रांग', आणि परत आपल्या जागेवर. प्रेक्षकाशी मी एक शब्द बोलत नाही, बोललो की तो वाद होतो आणि वादात बाकड्यावरचा माणूस कायम जिंकतो कारण त्याच्याकडे वेळच वेळ असतो. मॅनेजर त्या माणसाला हलवेपर्यंत मी खेळ सुरू करत नाही, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मॅच तिथेच बंद करायचा अधिकार रेफरीला आहे. सोळा वर्षांत मी एकदाच केलीय, आणि ती मुलांची होती.

म्हणजे तुमच्या मिस्टरांना बाहेर काढायला लावलं रेफरीनं, काढलं शाळेनं, आणि आता आत घ्यायचं का नाही हे ठरवणार पण शाळाच. इथे शाळाशाळांचे नियम वेगळे असतात, काही ठिकाणी बाहेर काढलेल्याला पुढची मॅच आपोआप बंद, काही ठिकाणी एडीच्या मर्जीवर. न्यू जर्सीत २००२ पासून कायदाच आहे की शाळेच्या बोर्डाला पालकांसकट सगळ्यांसाठी वागणुकीचे नियम करता येतात, मोडणाऱ्यावर बंदी घालता येते, आणि परत यायचं असेल तर राग आवरायच्या समुपदेशनाचं सर्टिफिकेट आणा असं पण सांगता येतं. हसू नका, लोकांना ते आणायला लागलंय. तेव्हा गुरुवारी रात्री मेसेज टाकून उपयोग नाही, हे वाचाल तेव्हाच तुमच्या शाळेच्या एडीला फोन करा, तुमच्या म्हणजे तुमच्याच शाळेच्या. कोचला नाही, कोचला या आठवड्यात अकरा मुलींची झोप पुरली तरी खूप झालं. फोन मिस्टरांनी स्वतः करायचा, तुम्ही नाही, बायकोनं केलेली माफी एडीला लगेच कळते. आणि माफी दोन वाक्यांची, त्यात 'पण रेफरीनं सुद्धा' हे शब्द आले की माफी गेली पाण्यात. फायनल समोरच्यांच्या ग्राउंडवर आहे, साइट मॅनेजर त्यांचा असणार, आणि दोन एडींचं एकमेकांत फोनवर बोलणं होतच असतं, मिस्टर गेटवर पोचायच्या आधी त्यांचं नाव पोचलेलं असेल असं धरून चाला. नाही म्हणाले तर नाही. कुंपणाबाहेर फुटपाथवर उभं राहून बघायची आयडिया येईल डोक्यात, ती काढून टाका, ते मी बघितलंय आणि ते लेकीला पण दिसतं.

आता ते चिडले कशावरून, ते तुम्ही लिहिलंय, आणि खरं सांगू का, दोन्ही ठिकाणी रेफरी बरोबर होता. 'साधं पिवळं कार्ड दाखवलं आणि पोरीला बाहेरच काढलं' म्हणून ते उठले. अहो, टीव्हीवर प्रीमियर लीगमध्ये पिवळं कार्ड मिळालेला खेळत राहतो, बरोबर, पण हायस्कूलचे नियम फिफाचे नाहीत. ते एनएफएचएस नावाची एक राष्ट्रीय संघटना करते, इंडियानापोलिसला ऑफिस आहे, आणि त्यांच्या नियमात पिवळं कार्ड मिळालं की खेळाडूला बाहेर जावंच लागतं, तिच्या जागी दुसरी पाठवता येते आणि पुढच्या बदलीच्या वेळी ती परत येऊ शकते. कल्पना अशी की डोकं जरा थंड होऊ दे. शिक्षा वाटते, पण आहे ती पाणी प्यायची सुट्टी.

दुसरं, 'ढळढळीत ऑफसाइड गोल दिला'. ऑफसाइड म्हणजे समोरच्या डिफेंडरच्या पुढे, गोलजवळ उभं राहून पास घेणं. पण तुम्हीच लिहिलंय की बॉल थ्रो-इनवरून, म्हणजे साइडलाइनवरून हातानं टाकून, गेला होता. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, कॉर्नरवर नसतो, गोल किकवर नसतो. हे फिफात पण नाही आणि हायस्कूलमध्ये पण नाही, कुठेच नाही. दर सीझनला मला एक तरी बाप भेटतो जो यावरून रक्तदाब वाढवून घेतो, आणि त्याच्या आजूबाजूचे चार जण कळत नसताना 'ऑफसाइड, रेफ!' करून साथ देतात.

आणि शुक्रवारी ज्यावरून भांडण होऊ शकतं ते आत्ताच सांगून ठेवतो. हायस्कूलमध्ये चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन हाफ, आणि घड्याळ उलटं चालतं, स्कोअरबोर्डवर चाळीसपासून शून्याकडे, सगळ्यांना दिसेल असं. गोल झाला, कार्ड निघालं, पेनल्टी दिली, कोणाला लागलं की घड्याळ थांबतं. म्हणून टीव्हीसारखा हाफच्या शेवटी इंज्युरी टाइम जोडून मिळत नाही. शून्य झालं, भोंगा वाजला, संपलं. बॉल हवेत आहे, गोलीच्या डोक्यावरून चाललाय, आणि भोंगा वाजल्यावर रेषेच्या आत गेला, तर गोल नाही. मी असा एक गोल नाकारलाय, मुलींच्याच काउंटीच्या मॅचला, आणि मला माझ्या गाडीपर्यंत शाळेच्या सिक्युरिटीबरोबर चालत जावं लागलं. बॉल मारणारी मुलगी मात्र माझ्याकडे येऊन म्हणाली, 'वॉज इट क्लोज?' मी म्हटलं खूप. तिनं मान हलवली आणि गेली टीमकडे. तिच्या मागे तिची आजी मला तिच्या भाषेत काहीतरी म्हणत होती, ती भाषा मला येत नव्हती पण अर्थ पोचला.

तर आता पोरींकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे आणि ताईंनी तो विचारलेलाच नाही.

बाकड्यावर बसून आपल्याला वाटतं की मैदानात एवढा गोंगाट असतो, आपलं ओरडणं त्यात कोणाला ऐकू जातंय. रेफरीला खरंच फारसं ऐकू येत नाही, दहा वर्षांनी कान आपोआप बंद होतात, एक सलग गुणगुण ऐकू येते फक्त, पंख्यासारखी. पण पोरीला बापाचा आवाज येतो. माझी धाकटी दहावीत असताना सेंटर बॅक खेळायची, आणि मी मोठा हुशार, इंग्रजीत ओरडलं तर कोच रागावतो म्हणून मराठीत ओरडायचो, इथे कोणाला कळतंय. एका मॅचला तिच्या पायात बॉल, समोरून दोघी अंगावर येतायत, मी उठून ओरडलो 'सोड! सोड!' म्हणजे बॉल सोड, पास कर, पुढे दे. कोल्हापुरात आम्ही असंच म्हणायचो. तिला कळलं सोड म्हणजे जाऊ दे, मागून गोली घेतेय. तिनं पाय काढून घेतला, गोली पंधरा फूट मागे उभी, समोरच्या पोरीनं निवांत आत सारला. हाफटाइमला कोच तिला विचारतोय, 'हू टोल्ड यू टू लीव्ह इट?' आणि तिनं माझं नाव सांगितलं नाही. गाडीत सुद्धा काही म्हणाली नाही. घरी आल्यावर जेवताना फक्त एवढंच, 'बाबा, यू कॅन कम, पण तिकडे बसा जिथे मला तुम्ही दिसणार नाही.' त्या दिवसापासून मी कॉर्नर फ्लॅगच्या बाजूला, सगळ्यात वरच्या पायरीवर.

आणि रेफरी म्हणून मला हे रोज दिसतं. एखादी मुलगी टॅकल हुकल्यावर बॉलकडे बघत नाही, कोचकडे पण बघत नाही, ती बाकड्यांकडे बघते. अर्धा सेकंद. लेफ्ट बॅकचं काम असं आहे की त्या अर्ध्या सेकंदात समोरची विंगर तिच्या पाठीमागून निघून जाते. तुमची लेक लेफ्ट बॅक आहे, एक हाफ ती प्रेक्षकांच्या बाजूच्या साइडलाइनला अगदी चिकटून खेळणार, मिस्टर तिच्यापासून पाच-सात मीटरवर. सेमीला ते बाहेर गेल्यावर टीम जिंकली असं तुम्हीच लिहिलंय, मी त्यातून काही निष्कर्ष काढत नाही, त्यांना मात्र काढू दे.

विद्यार्थ्यांच्या घोळक्याचं म्हणजे स्टुडंट सेक्शनचं मात्र वेगळं आहे आणि तिथे तुम्ही गप्प बसू नका.

'ओव्हररेटेड' ओरडणं, पेनल्टीच्या वेळी गोंधळ करणं, गोल किकला 'ऊऊऊ' करत जाणं, हे सगळं वात्रटपणात मोडतं. काही शाळा ते पण चालू देत नाहीत, पण त्यावर कोणी मॅच थांबवणार नाही. नावावरून, आडनावाचा उच्चार वाकडा करून, इंडियन अ‍ॅक्सेंट काढून चिडवणं हे त्यात येत नाही. न्यू जर्सीच्या शालेय खेळांच्या असोसिएशननं, म्हणजे एनजेएसआयएएनं, २०१३ सालीच राज्याच्या नागरी हक्क विभागाला बरोबर घेऊन नियम कडक केले, वंश, धर्म, लिंग असल्या गोष्टींवरून हिणवलं तर रेफरीनं रिपोर्ट करायचा आणि ते प्रकरण त्या विभागापर्यंत जाऊ शकतं. मॅचच्या आधी आम्ही दोन्हीकडच्या कॅप्टन आणि कोचना बोलावून खिलाडूवृत्तीचं सांगतो ना, त्यात हे येतं. तुम्हाला लांबून वाटतं टॉसच चाललाय.

मग रेफरी का नाही बोलला? बहुतेक त्याला ऐकूच आलं नसेल. साध्या मॅचला बऱ्याच वेळा दोनच रेफरी असतात, वरच्या फेऱ्यांना तीन, आणि तिघांचे डोळे बॉल, शेवटची डिफेंडर आणि बॉलच्या मागे चाललेली ढकलाढकली यात अडकलेले. शंभर पोरं एका सुरात काय ओरडतायत हे शब्दाशब्दानं कळत नाही, त्यात मराठी आडनाव, ते त्याला आधीच कळत नाही, वाकडं केलेलं कुठून कळणार. म्हणून हे सांगायचं काम आपलं. पण सांगायचं कोणाला, तर त्या गळ्यात ओळखपत्रवाल्याला, लगेच, मॅच चालू असताना. उठून त्याच्याकडे चालत जायचं, स्टुडंट सेक्शनकडे नाही. सांगताना 'ते रेसिस्ट आहेत' असं नाही, तर 'पांढऱ्या हूडीतला, ढोलाच्या काठ्या हातात असलेला, त्यानं तीन नंबरच्या मुलीला अमुक शब्द म्हटला, आत्ता, दोन वेळा'. जेवढं नेमकं तेवढं त्याला काम सोपं. आणि मुलीनं स्वतः पण मैदानातून रेफरीला सांगितलं तर आम्ही थांबतो, लेकीला हे सांगून ठेवा, बऱ्याच मुलींना वाटतं तक्रार केली तर कार्ड मिळेल. नाही मिळत. कॅप्टननं सांगितलं तर अजून बरं.

मुलींच्या मॅचला अजून एक प्रकार असतो ज्याबद्दल आपल्या लोकांत कोणी बोलत नाही, पोरींच्या अंगावरून, मांड्यांवरून, शॉर्टवरून केलेल्या कमेंट. कधी ती पोरं असतात, कधी चाळिशीतले बाप, आणि ते बाप जास्त वाईट. त्याला प्रेक्षकांचा उत्साह म्हणायचं नाही, तो लैंगिक छळ आहे. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये टायटल नाइन या भेदभावाविरुद्धच्या कायद्याचा एक कोऑर्डिनेटर नेमलेला असतो, तक्रार तिथे जाते, लेखी.

टायटल नाइन निघालंच आहे तर सांगतो, हा १९७२ चा कायदा, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९७१-७२ मध्ये, अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलला सॉकर खेळणाऱ्या मुली मोजून सातशे होत्या. आज पावणेचार लाखांच्या वर आहेत. मी सुरुवात केली तेव्हा सुद्धा मुलींच्या मॅचला आईबाप आणि एखादा कुत्रा एवढेच असायचे, आता सेक्शन फायनलला बाकडी भरतात, लाइट, अनाउन्सर, खाण्याचा स्टॉल, सगळं. गर्दी वाढली, चांगलंच झालं, मुलींना तेवढंच हवं होतं. पण गर्दीबरोबर दुसरं पण आलं, कॉलेजच्या स्कॉलरशिपचं भूत. लेक ज्युनियर आहे म्हणजे ते तुमच्या घरात पण असणार. दहावी संपल्यावरच्या १५ जूनपासून कॉलेजचे कोच मुलींशी थेट बोलू शकतात, तेव्हापासून घरोघरी प्रत्येक मॅच म्हणजे इंटरव्ह्यू. खरं बघायला गेलं तर बरेचसे कोच मुली बघतात क्लबच्या शोकेसला, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लबांच्या, कॉलेजच्या कोचना खेळ दाखवायच्या स्पर्धांना, हायस्कूलची एक मॅच रेफरीनं घालवली म्हणून कोणाची स्कॉलरशिप गेलेली मी बघितली नाही. उलट एकदा हाफटाइमला एका कॉलेजच्या असिस्टंट कोचनं मला सहज विचारलं होतं, 'ते लाल टोपीवाले कोणाचे वडील?' मी म्हटलं मला माहीत नाही. ते मला माहीत होतं.

रेफरी एवढ्या लवकर माणसं बाहेर का काढायला लागलेत, पूर्वी तर चालवून घ्यायचे, असं पण तुम्ही विचारलंय. पूर्वी चालवून घ्यायचे म्हणूनच. एनएफएचएसच्याच आकड्याप्रमाणे २०१८-१९ नंतरच्या तीन-चार वर्षांत देशभरात पन्नास हजारांच्या आसपास हायस्कूल रेफरी-अंपायर काम सोडून गेले, सगळे खेळ मिळून. कोविड होतंच, पण जाताना विचारलं तर बहुतेक जण पालकांचं नाव घेतात. माझ्या ओळखीतल्या दोघांनी सोडलं, दोघंही माझ्यापेक्षा चांगले. एका व्हार्सिटी मॅचचे शंभर डॉलरच्या आसपास मिळतात, त्यात पेट्रोल, ट्रॅफिक, चार वाजता ऑफिसमधून पळणं. परिणाम असा की ज्युनियर व्हार्सिटीच्या म्हणजे शाळेच्या दुसऱ्या टीमच्या मॅचेस रेफरी नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागतात, आणि तुमच्या सेमीला जो तरणा रेफरी होता तो कदाचित पाच वर्षांपूर्वी असता तर अजून तीन वर्षं खालच्या मॅचेसवर तयार झाला असता. म्हणजे ओरडून ओरडून अनुभवी माणसं आपणच घालवली आणि आता रेफरी कच्चे आहेत म्हणून परत आपणच ओरडतोय. आणि भीती पण आहे हो. २०१३ साली युटामध्ये रिकार्डो पोर्तिलो नावाचा रेफरी, त्यानं एका सतरा वर्षांच्या खेळाडूला पिवळं कार्ड दाखवलं, त्या पोरानं डोक्यात एक ठोसा मारला, आठवड्याभरात माणूस गेला. त्याच्या स्वतःच्या मुली होत्या. आमच्यातला प्रत्येक जण ती गोष्ट डोक्यात घेऊन मैदानात उतरतो, तेव्हा तिसऱ्या रांगेतला माणूस उठून कुंपणाकडे चालत आला की तो फक्त बोलायला येतोय हे आम्ही गृहीत धरत नाही. तुमचे मिस्टर कुंपणापर्यंत आले होते का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं आले असणार.

आता शुक्रवारचं. समजा एडी हो म्हणाला.

१९९९ साली ओहायोच्या उत्तर भागातल्या मुलींच्या सॉकर लीगनं 'सायलेंट संडे' केला होता, एक रविवार पालकांनी तोंडच उघडायचं नाही, आणि त्यासाठी लोकांनी लॉलीपॉप आणले होते तोंडात धरायला. नंतर बऱ्याच लीगनी तसं केलं, मी पण अशा दिवशी क्लबच्या मॅचेस केल्यात. मला स्वतःला ते आवडत नाही, मयताला आल्यासारखं वाटतं, गोल झाला तरी शांत. पण एक गोष्ट मात्र कबूल करायला लागते, त्या दिवशी मुली एकमेकींशी बोलतात. 'मॅन ऑन', 'टाइम', 'लेफ्ट लेफ्ट', एरवी ऐकूच येत नाही ते सगळं ऐकू येतं, आणि बारा वर्षांची गोली अख्ख्या डिफेन्सला दरडावत असते. त्यामुळे पूर्ण गप्प राहायला सांगत नाही, पण लॉलीपॉपऐवजी मिस्टरांच्या खिशात भाजके शेंगदाणे द्या. खरंच सांगतोय. तोंड कामात राहतं. आणि हातात वही-पेन. मी माझ्यासाठी हे शोधून काढलं होतं, मुलीच्या पायाला बॉल किती वेळा लागला, त्यातला किती वेळा आपल्याच टीमकडे गेला, एवढंच मांडायचं, रेघा मारायच्या. लिहिणारा माणूस ओरडत नाही, आणि चाळीस मिनिटं लेकीकडेच बघत बसल्यामुळे रेफरीनं तिकडे काय केलं ते दिसतच नाही. पहिल्या हाफला माझ्या धाकटीच्या एकोणीस रेघा झालेल्या मला आठवतायत, मला वाटलं होतं ती खेळतच नाहीये. वही लेकीला दाखवायची नाही मात्र, ती तुमच्यासाठी आहे.

ओरडायचंच असेल तर झालेल्या गोष्टीवर ओरडा, व्हायच्या गोष्टीवर नको. 'शाब्बास', 'वेल डन', टाळ्या. 'पास कर', 'पळ', 'मार' हे कोचचं काम, आणि कोचनं तिला बहुतेक नेमकं उलटं सांगितलेलं असतं.

लागलं तर काय, हे पण सांगतो कारण आयांचा जीव तिथे जातो. पोर खाली पडली आणि उठत नाहीये तरी कुंपण ओलांडून आत पळायचं नाही. मी घड्याळ थांबवतो, हात करतो, अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे दुखापती बघणारा माणूस आत येतो. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा दोन-तीन पट तरी जास्त, आणि डोक्याला मार लागून कन्कशन म्हणजे मेंदूला हादरा बसणं पण मुलींच्या सॉकरमध्ये खूप, त्यामुळे ट्रेनर पहिल्या दोन मिनिटांत तिला काही प्रश्न विचारतो आणि तिची नजर बघतो. त्या वेळी आई येऊन रडायला लागली की पोर 'आय अ‍ॅम फाइन' म्हणते, आईसाठी. मग ट्रेनरला खरं काही कळत नाही. तुमची गरज पडली तर ट्रेनर स्वतः बोलावतो, तेव्हा या, चालत. कन्कशनची लक्षणं दिसली की तिला बाहेर काढणं रेफरीला बंधनकारक आहे आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय ती परत येत नाही, फायनल असली तरी. त्यावर वाद घालणारे बाप पण मी बघितलेत, ते सोडा.

हरली तर गाडीत पहिला प्रश्न जेवणाचा. बास.

आणि ढोल. मला माहितीय मंडळातल्या पोरांचे हात शिवशिवत असतात, गणपती होऊन दोन महिने झालेले, ढोल गॅरेजमध्ये पडलेले. पण बहुतेक ठिकाणी टूर्नामेंटच्या मॅचला बाहेरून आणलेली वाद्यं, भोंगे, घंटा काही चालत नाही, गेटवरच ठेवून घेतात, आणि ढोल काय गेटवर मावत नाही. शाळेचा स्वतःचा बँड असेल तर तो वेगळा. तुमच्या एडीला फोन करणारच आहात तर हे पण विचारून घ्या, माफी मागून झाल्यावर, आधी नको. नाहीच म्हणतील. मग ढोल गाडीत राहू देत, जिंकल्या तर समोरच्या शाळेच्या पार्किंगमध्ये पण वाजवायचा नाही, आपल्या शाळेत बस परत येते तिथे, मुली उतरताना. नोव्हेंबरात सहाला काळोख पडतो, बाकडी अ‍ॅल्युमिनियमची आणि बर्फासारखी गार, दोन ब्लँकेट न्या, एक खाली घालायला.